वॉट नंतर, आधी डेसिबल: घरासाठी हाय-एफिशियन्सी स्पीकर निवडताना आणि मांडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही दुकानात स्पीकर बघायला जा, पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॉटचा पाहिजे?" घरी आणल्यावर शेजारचे काकाही तेच विचारतात. गणपतीतल्या डॉल्बीनं आपल्या सगळ्यांना ही सवय लावली आहे. पण घरात बसून गाणं ऐकायचं असेल तर वॉट हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा. आधी खोली केवढी ते बघा, मग तुम्ही स्पीकरपासून किती लांब बसणार ते, आणि मग एक वॉट दिल्यावर स्पीकर किती आवाज काढतो ते.

या शेवटच्या गोष्टीला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. माहितीपत्रकात ती "८६ डीबी, १ वॉट, १ मीटर" अशी लिहिलेली असते, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबल (डीबी) आवाज. घरगुती छोटे स्पीकर बहुधा ८४ ते ८८ डीबीचे असतात. ९३-९४ च्या पुढं गेला की त्याला हाय-एफिशियन्सी म्हणायला हरकत नाही, आणि मोठे हॉर्नवाले, म्हणजे पुढं भोंगा असलेले, १०० च्याही वर जातात. आकड्यांतला फरक दिसायला किरकोळ, पण ३ डीबी वाढले की तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते आणि १० डीबी वाढले की दहावा हिस्सा.

हिशेब करून बघू. तुम्ही ३ मीटरवर बसता. एवढ्या अंतरात साधारण ९.५ डीबी कमी होतात, दोन स्पीकर वाजत असल्यामुळं ३ परत मिळतात. ऐकताना सरासरी आवाज ७५ डीबी असला तरी तबल्याची थाप किंवा हलगीचा कडकडाट क्षणभर ९५ पर्यंत जातो. त्या क्षणासाठी ८६ डीबीच्या स्पीकरला सुमारे ३५ वॉट लागतील आणि ९६ डीबीच्याला साडेतीन. खोलीच्या भिंती थोडी मदत करतात, त्यामुळं प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमीच भरतील, पण दहापटीचं प्रमाण बदलत नाही.

मग फायदा काय, नुसती वीजबचत? नाही. साधा स्पीकर मिळालेल्या विजेतला एक टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही, बाकी सगळी व्हॉइस कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापवण्यात जाते. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि मोठी थाप जेवढी उठायला हवी तेवढी उठत नाही. हाय-एफिशियन्सी स्पीकर अर्ध्या वॉटवर निवांत वाजत असतो, त्यामुळं थाप थापेसारखी येते. आणि हे रात्री बारीक आवाजातही होतं. लोकांना वाटतं हे स्पीकर जोरात ऐकायला असतात. माझ्या मते त्यांची खरी मजा हळू ऐकण्यात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं असताना हळू ऐकता येणं हाच मोठा गुण समजा.

हे एवढे मोठे का असतात

बोलपट आले तेव्हा ॲम्प्लिफायर जेमतेम काही वॉटचे होते आणि समोर हजारभर माणसांचं थिएटर. म्हणून हॉर्न आले. आल्टेक कंपनीचे 'व्हॉइस ऑफ द थिएटर' स्पीकर १९४५ चे, पॉल क्लिप्शचा कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न १९४६ चा. कोपऱ्यातल्या दोन भिंतींनाच तो आपल्या हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरतो. पुढं १९५४ साली एडगर विल्चर यांनी एआर-१ हा छोटा बंद डबा आणला. छोट्या डब्यात खोल बास मिळाला, पण एफिशियन्सी गेली. ट्रान्झिस्टरमुळं वॉट स्वस्त झाल्यावर ते कुणाला खुपलंही नाही.

यामागं हॉफमन यांचा नियम आहे: छोटा डबा, खोल बास आणि जास्त एफिशियन्सी, या तिन्हींतल्या दोनच मिळतात. विकणारा तिन्ही देतो म्हणाला तर हसून चहा प्या आणि बाहेर पडा.

पहिलं काम: खोली

बेळगावातल्या शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत सोपा, माजघर, वर लाकडी माळा किंवा मंगळुरी कौलं. अशी खोली आवाजाला चांगली असते. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं, आणि कौलांच्या फटींतून जास्तीचा बास बाहेर निघून जातो. स्लॅबच्या नव्या घरांत उलटं: चकचकीत टाइल्स, मोकळ्या भिंती, वर सपाट सिमेंट. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग "टर्रर्र" असा आवाज उमटला तर दोन समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडं टोलवताहेत. त्या खोलीत कितीही महागडा हॉर्न ठेवा, कानाला टोचणारच.

इलाज महाग नाही. स्पीकर आणि बैठकीच्या मधल्या फरशीवर जाड घोंगडं किंवा दुहेरी सतरंजी टाका. आपल्याकडच्या लोकरी घोंगड्यासारखी आवाज शोषणारी वस्तू शहरातले लोक दुप्पट पैसे देऊन मागवतात. एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, खिडकीला जाड पडदा. एवढ्यावर पुन्हा टाळी वाजवून बघा. बास मात्र घोंगड्यानं आवरत नाही, त्याचं पुढं येईल.

आता बसण्याचं अंतर मोजा. वूफर (खालच्या स्वरांचा मोठा भाग) आणि हॉर्न एकमेकांपासून लांब असले तर जवळून दोन वेगळे आवाज ऐकू येतात. गायकाचा "आ" खालून आणि "स" वरून. दोन मीटरच्या आत बसणार असाल तर सगळे स्वर एकटाच काढणारा फुल-रेंज ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग) किंवा कोॲक्शियल बघा, म्हणजे ज्यात वरच्या स्वरांचा ट्वीटर वूफरच्या मध्यातच असतो. दोन ते तीन मीटरला १० किंवा १२ इंची वूफर आणि वर छोटा हॉर्न चालतो. थिएटरछाप मोठा माल साडेतीन मीटरच्या पुढं. दहा बाय बाराच्या खोलीत तो आणू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

कुठला घ्यावा

नवख्यानं १२ इंची वूफर आणि कॉम्प्रेशन ड्रायव्हरवर (हॉर्नच्या गळ्याशी बसणारा, वरचे स्वर काढणारा भाग) हॉर्न अशा टू-वे, म्हणजे दोन भागांच्या स्पीकरपासून सुरुवात करावी, सेन्सिटिव्हिटी ९३ ते ९७. यात चुकायला जागा कमी. लोथर किंवा फोस्टेक्ससारखे फुल-रेंज ड्रायव्हर आवाजाला फार गोड, गायकीवर तर जीव जडतो, पण त्यांना डबा नेमका लागतो आणि वरच्या पट्टीत काही ड्रायव्हर खेकसतात. ऐकल्याशिवाय घेऊ नका.

मंडपवाल्यांकडचे पीए टॉप (कार्यक्रमांत वर ठेवतात ते स्पीकर) घरात चालतात का, हे मला वारंवार विचारलं जातं. चालतात, पण ते लांबवर आवाज फेकायला बनवलेले असतात, खाली बास लवकर संपतो आणि ॲक्टिव्ह प्रकारात, म्हणजे ज्यात ॲम्प्लिफायर आतच असतो, पंखा घुमतो. शांत खोलीत तो पंखा तानपुऱ्याच्या जोडीनं ऐकावा लागतो.

बासचं विचाराल तर आधी तुम्ही ऐकता काय ते बघा. पुरुष गायकानं काळी एकमध्ये तानपुरा लावला तर षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झ. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भजन, कन्नड वचनगायन हे सगळं ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट जाणाऱ्या डब्यात जवळपास पुरतं मावतं. सिनेमा आणि इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणार असाल तर वेगळा पॉवर्ड सबवूफर (फक्त खोल बासचा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला डबा) जोडा. त्या एका हौसेपायी मुख्य डबा कपाटाएवढा करू नका.

माहितीपत्रकातल्या तीन खोड्या ओळखून ठेवा. पहिली, सेन्सिटिव्हिटी "२.८३ व्होल्ट"वर दिलेली असते. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण ४ ओहमला तेच दोन वॉट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचे ९२ हे खरे ८९ समजा. दुसरी, काही कंपन्या आकडा खोलीत मोजून देतात, तो तीनेक डीबीनं फुगलेला असतो. तिसरी आपल्या बाजारातली जुनी: पीएमपीओ. "५००० वॉट पीएमपीओ" हा आकडा कशाशीच जुळत नाही. फक्त आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, बघा.

ॲम्प्लिफायर

आता कुठं वॉट. वर साडेतीन वॉट निघाले, तर दहा-वीस वॉटचा चांगला ॲम्प्लिफायर भरपूर झाला. ३०० बी व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतली काचेची नळी) सिंगल-एंडेड, म्हणजे बाजूला एकाच नळीवर चालणारा ॲम्प्लिफायर सुमारे ८ वॉट देतो, ईएल ८४ ची जोडी दहा-पंधरा. टीपीए ३११६ चिपवरचा छोटा क्लास-डी ॲम्प्लिफायर स्वस्तात येतो आणि सुरुवातीला तोच घ्या असं माझं मत. व्हॉल्व्हचा नाद नंतर लागला तर एक लक्षात असू द्या, आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. झाकण उघडायचं काम जाणकाराचं.

इथं एक गंमत होते. जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर गाण्याबरोबर ॲम्प्लिफायरचा हिस्स, म्हणजे "स्स्स" असा सततचा आवाजसुद्धा तितकाच मोठा करून दाखवतो. म्हणून ॲम्प्लिफायर घेताना आपला स्पीकर जोडून, गाणं न लावता, तुम्ही बसता त्या जागेवरून ऐका. तिथं हिस्स आला तर नको. हॉर्नला कान लावून थोडा आला तर चालतो.

दुसरी अडचण आवाजाच्या बटणाची. डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) दोन व्होल्ट देतो, ॲम्प्लिफायर ते वीसपट करतो, आणि तुम्हाला लागतात जेमतेम पाच व्होल्ट. मग बटण अगदी तळाशी राहतं, जरा सरकवलं की घर दणाणतं. शिवाय बटणामागचा स्वस्त पोटेन्शोमीटर तळाशी डावं-उजवं सारखं ठेवत नाही, गायक एका बाजूला कलतो. लोक याला स्पीकरचा दोष समजून परत करायला निघतात! मध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) टाका, किंवा ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो ते, कमी करायची सोय असेल तर तो २० डीबीवर ठेवा. बटण मधोमध येईल आणि हिस्सही घटेल.

गुणगुण येत असेल तर आधी टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बऱ्याचदा चोर तिथंच सापडतो: अर्थिंगचा दुसरा रस्ता त्या केबलमधून येतो. गुणगुण घालवायला तीन पिनांतली अर्थची पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्यात जीवाला धोका आहे.

वायरीवर पैसे उधळू नका. घरच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत बिनघोर चालते.

जुना माल आणि सुताराकडचा डबा

सिंगल स्क्रीन टॉकीज बंद पडल्या आणि उत्सवातल्या आवाजावर निर्बंध आले, त्यामुळं बेळगाव, कोल्हापूर, हुबळीकडं जुने वूफर आणि हॉर्न फिरत असतात. घेताना मल्टिमीटर खिशात ठेवा. ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो, थिएटरचा १६ ओहमचा अकरा ते तेरा. काटा हललाच नाही तर कॉइल गेली. मग कोनावर, म्हणजे वूफरच्या पुढच्या कागदी पडद्यावर, दोन्ही हातांची बोटं पसरून अलगद, सगळीकडून सारखं दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, सोडून द्या. कडेची रिंग फोमची असेल तर नखानं हळूच टोकून बघा. भुगा पडला तर रिंग बदलण्याचा खर्च भावातून कापा. पीए वूफरची कापडी चुणीदार रिंग मात्र वर्षानुवर्षं टिकते. आणि कॉइल आधी बदललेली आहे का, हे विचाराच. विकणारा थेट सांगेलच असं नाही, पण विचारल्यावर चेहरा सांगतो.

डबा सुताराकडून करून घ्यायचा तर तुमच्या वूफरसाठी दिलेलं माप एक इंचही इकडचं तिकडं करू नका. दिवाणखान्यात शोभतो म्हणून डबा बारीक केला तर बास गेलाच. लाकूड १८ मिलिमीटर प्लायवूड, आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर (ओलीला टिकणारं) किंवा आयएस ७१० चं मरीन. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात, तिकडं ते वापरूच नये. स्टँड बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडं लोखंडी चौकोनी पाइपचा करून घ्या आणि पाइपमध्ये कोरडी वाळू भरा, नाहीतर स्टँडच घंटेसारखा वाजायला लागतो.

मांडणी

घाई इथंच नडते. एक सुट्टीचा दिवस, मापाची टेप, चिकटपट्टी आणि धरायला एक माणूस, एवढं जमवा.

समजा खोली बारा बाय सोळा फूट. स्पीकर बारा फुटांच्या भिंतीकडं, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढं, एकमेकांत सात फूट. तुमची जागा समोर नऊ फुटांवर, मागच्या भिंतीला चिकटून नाही. पाठ भिंतीला टेकली की बास गुबगुबीत होतो आणि तबल्याचा डग्गा सगळ्या स्वरांत सारखाच घुमतो. क्लिप्शहॉर्नसारखे कोपऱ्यासाठीच बनवलेले सोडले तर कुठलाही डबा कोपऱ्यात कोंबू नका.

जोडणी तपासा. लाल लालला, काळा काळ्याला. खात्री नसेल तर वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धन टोक लालला लावल्यावर कोन बाहेर आला तर बरोबर. हे फक्त वूफरवर करायचं, हॉर्नच्या ड्रायव्हरवर नाही. एक सांगून ठेवतो, जुन्या जेबीएल ड्रायव्हरमध्ये हे नेमकं उलटं असतं, लालला धन लावल्यावर कोन आत जातो. जोडून झाल्यावर मोनो गाणं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, लावा. आवाज दोन स्पीकरच्या मधोमध एका जागी उभा राहिला पाहिजे. पसरट, पोकळ, बास नसलेला वाटला तर एका बाजूची जोडणी उलटी आहे.

उंची: हॉर्न कानाच्या रेषेत. जाजमावर बैठक मारून ऐकत असाल तर कान पाऊण मीटरवर असतो, सोफ्यावर सुमारे एक मीटर. एकाच स्टँडवर दोन्ही जमत नाही, तेव्हा ऐकायला कुठं बसता ते आधी ठरवा. नाहीतर डबा थोडा मागं कलवा.

मग तोंड फिरवणं. आधी दोन्ही डबे सरळ ठेवा, नंतर थोडे थोडे आत वळवा. हॉर्नचा आवाज ठरलेल्या कोनातच जातो, म्हणून इथं दोन बोटांचा फरकसुद्धा कळतो. चांगली जागा सापडली की जमिनीवर चिकटपट्टी लावा, फरशी पुसताना डबे हलणारच आहेत. बाजूच्या भिंतीवरून कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात स्पीकर दिसतो तिथं पडदा किंवा जाड गोधडी. तेवढीच जागा झाकायची, सगळी भिंत झाकलीत तर खोली मेल्यासारखी वाटते.

बास अजून घुमतो का? स्पीकर नऊ-दहा इंच पुढं घ्या, ऐका, मग तुमची खुर्ची एक फूट पुढं, परत ऐका. एका वेळी एकच हलवायचं. मागं पोर्ट (बाससाठी ठेवलेलं भोक) असेल तर त्यात पायमोजा कोंबून बघा, लगेच फरक कळतो.

परीक्षेला काय लावावं? तानपुरा आधी. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याची जवारी कधी जवळून ऐकली असेल तर ती झणकार हॉर्नमधून सुटी, पण न चावता यायला हवी. मग पेटी: काळी पाच किंवा वरच्या सप्तकात ती किंचाळली तर क्रॉसओव्हरवरचा (वूफर आणि हॉर्नला स्वर वाटून देणारं सर्किट) एल-पॅड, म्हणजे हॉर्नचा आवाज कमी करायचं बटण, एक-दोन डीबी खाली करा. कॉम्प्रेशन ड्रायव्हर वूफरपेक्षा बराच सेन्सिटिव्ह असतो, त्याला दाबावंच लागतं. त्यानंतर कुमार गंधर्व लावा. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या या माणसाच्या गाण्यात एका क्षणी पुटपुटल्यासारखा स्वर येतो आणि पुढच्या क्षणी तोच तीरासारखा सुटतो. तो फरक बारीक आवाजातही पुरता कळला तर मांडणी जमली. शेवटी ओळखीच्या माणसाचं नुसतं बोलणं ऐका. नाकात बोलतोय असं वाटलं तर पुन्हा हॉर्नची पातळी आणि उंची तपासा.

आवाज फार कमी ठेवला की बास गेल्यासारखा वाटेल. तो दोष स्पीकरचा नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्या कानालाच खालचे स्वर कमी ऐकू येतात. तेव्हा रात्री बास थोडा वाढवायला लाजू नका.

पावसाळा आणि पाहुणे

जूनच्या आधी डबे ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर लांब घ्या. कागदी कोनावर बुरशी आली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशनं झटका. रोज थोडा वेळ गाणं लावा, नुसतं झाकून ठेवलेल्या डब्यात ओल जास्त धरते. पोर्टच्या तोंडाला बारीक जाळी लावा, उंदराला तयार बीळ आयतं मिळतं आणि आतली वायर कुरतडायला वेळ लागत नाही. हॉर्न बरेच दिवस बंद असेल तर गळ्यात बॅटरी मारून बघा. कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला तसली भोकं फार आवडतात, आणि मग एकाच बाजूचा आवाज का बसला म्हणून लोक ॲम्प्लिफायर बदलत बसतात. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की ॲम्प्लिफायरचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.